तातडीची वेळ सोडून

नवं मशीन सुरू होऊन आठ दिवस झाले आणि मावशींनी तक्रार केली, की मशीनचा अलार्म वाजत नाही.

"रोज वाट बघते," त्या इन्चार्ज बाईंना म्हणाल्या, "पण वाजतच नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, अलार्म वाजला पाहिजे. तो न वाजताच आपण दार उघडतोय. हे काही बरोबर नाही."

इन्चार्ज बाईंनी मेकॅनिकला बोलावलं. त्याने मशीनचं मागचं झाकण काढलं, आत टॉर्च मारून बघितलं, झाकण पुन्हा बसवलं आणि म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. अहो, काही बिघडलं तरच अलार्म वाजतो. वाजत नाही हे चांगलंच की!"

"मग पुस्तकात 'शुड' कशाला घातलंय?"

मावशींनी पुस्तक त्याच्यासमोर धरलं. ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. 'शुड द अलार्म साउंड, डू नॉट ओपन द डोअर.' मेकॅनिकने ओळ दोनदा वाचली, मान खाजवली आणि "मला मशीन कळतं मावशी, पुस्तक नाही," असं म्हणून पिशवी उचलून तो निघून गेला.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, धुलाईखान्याला लागून ही खोली होती. वरच्या ऑपरेशन थिएटरमधून वापरलेल्या कात्र्या, चिमटे, पकडी, हाडांचे स्क्रू फिरवायची हत्यारं ट्रॉलीतून खाली यायची. इथे ती धुवायची, वाळवायची, एकेक भिंगाखाली तपासायची, ट्रेमध्ये ठरल्या क्रमाने लावायची, दुहेरी कापडात गुंडाळून वर पट्टी चिकटवायची आणि वाफेच्या मशीनमध्ये घालायची. मशीनमधून निघालं, की ते सामान निर्जंतुक. मावशी हे काम तेवीस वर्षं करत होत्या. जुन्या मशीनची वाफ किती चढली हे त्या काट्याकडे न बघता नुसत्या आवाजावरून सांगायच्या. चिमट्याचं तोंड अर्ध्या केसाने वाकडं असलं तरी त्यांच्या बोटांना कळायचं. अख्ख्या हॉस्पिटलात, मोठ्या डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत, सगळे त्यांना मावशीच म्हणत.

पण जुनं मशीन मोडीत निघालं आणि नवं आलं. त्याच्यासोबत दीडशे पानांचं पुस्तक आलं, सगळं इंग्रजीत. मशीन बसवणाऱ्या माणसाने अर्ध्या तासात सगळी बटणं दाखवली, चहा घेतला आणि गेला. मग इन्चार्ज बाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "दोन महिन्यांनी आपली तपासणी आहे. तपासणी करणारे पुस्तकातलं विचारतील. प्रत्येकाने वाचायचंय."

बाकीच्यांनी चित्रं बघून ठेवली. मावशींनी मात्र पुस्तक मनावर घेतलं. त्यांची शाळा दहावीला सुटली होती. इंग्रजी अक्षरं येत होती, आणि ट्रे, लोड, पॅक, स्टराइल हे शब्द तर रोजच्या तोंडातले. एक जाड वही आणि मुलाची जुनी डिक्शनरी घेऊन त्या बसल्या. वाक्य उतरवायचं, प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर त्याचा अर्थ लिहायचा आणि मग सगळे अर्थ ओळीने वाचायचे, अशी त्यांची पद्धत होती.

ती पद्धत कधी कधी चालायची. 'क्लोज द डोअर'चं 'दार बंद करा' बरोबर निघायचं. पण कधी कधी सगळे शब्द ओळखीचे असूनही वाक्य अनोळखी माणसासारखं दारात उभं राहायचं. दाराच्या रबरी कडेबद्दल लिहिलं होतं, 'चेक इट फॉर वेअर.' वेअर म्हणजे घालणे. मावशींच्या वहीत अर्थ आला, 'घालण्यासाठी ती तपासा.' रबर कुणी अंगात घालतं का? तो अलार्मही याच पद्धतीने आठवडाभर वाजायचा राहिला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी सुनेला विचारलं. सून विमा कंपनीत नोकरीला होती. दिवसभर पॉलिसीचे कागद वाचायचे, हेच तिचं काम. ती नुकतीच येऊन हातपाय धुऊन बसली होती.

"आई, 'शुड' वाक्याच्या मध्ये असला तर 'पाहिजे'," ती म्हणाली. "पण तोच उठून वाक्यात पहिला येऊन बसला, की त्याचा 'जर' होतो. जर अलार्म वाजला, तर दार उघडू नका."

"जागा बदलली की अर्थ बदलला?"

"हो."

"नोकरीत असंच असतं," कोपऱ्यातून मावशींच्या यजमानांनी पेपर खाली न करता सांगितलं. "खुर्ची बदलली की तोच माणूस वेगळं बोलायला लागतो."

"आणि वेअर?"

"वेअर म्हणजे झीज. वापरून वापरून होते ती."

मावशी कपाळावर हात मारून हसल्या. "आठ दिवस मी त्या मशीनसमोर कान टवकारून उभी होते गं. पॅकिंगवाली मला म्हणाली, मावशी, पाहुणे यायचेत का?"

सूनही हसली, आणि मग दोघींचा रोजचा क्रम ठरून गेला. जेवणाआधी अर्धा तास, दोन वाक्यं. सून अर्थ सांगायची घाई करायची नाही. आधी विचारायची, "तुम्हाला काय वाटतं?" मावशी आपला अर्थ सांगायच्या. चुकला तर सून म्हणायची, "जवळ आलात, पण घर चुकलं." बरोबर आला तर नुसतं पुढचं वाक्य काढायची, आणि मावशींना तेवढ्यानेच आनंद व्हायचा.

महिन्याभरात त्या बऱ्याच पुढे गेल्या. 'अनटिल' आणि 'अनलेस' त्यांना वेगळे ओळखू येऊ लागले. 'रन आउट' म्हणजे धावत बाहेर जाणं नव्हे, संपणं, हेही कळलं. खोलीतली माणसं अडलं की त्यांच्याकडे येऊ लागली. एकदा तर इन्चार्ज बाईसुद्धा पुस्तक घेऊन आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मावशी, हे जरा बघता का? माझा चष्मा वर राहिला." चष्मा त्यांच्या गळ्यातच होता. मावशींनी तो न बघितल्यासारखं केलं.

मग सुनेला कंपनीने आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या शहरात पाठवलं. जाताना ती म्हणाली, "वाक्यं साठवून ठेवा. आल्यावर बघू." मावशी म्हणाल्या, "अगं, आता मला येतं थोडंफार."

त्याच आठवड्यात पुस्तकाचं बहात्तरावं पान आलं. शरीरात कायमच्या बसवायच्या वस्तूंचं, म्हणजे इम्प्लांट्सचं पान. हाडांच्या पट्ट्या, स्क्रू, सळ्या. या वस्तू आत राहणार, म्हणून त्यांच्या लोडसोबत, म्हणजे एका वेळी मशीनमध्ये जाणाऱ्या सामानासोबत, एक छोटी कुपी मशीनमध्ये घालायची. कुपीत मुद्दाम ठेवलेले चिवट जंतू असतात. लोड बाहेर आला की कुपी एका छोट्या पेटीत तीन तास ठेवायची आणि मग तिचा निकाल बघायचा. जंतू मेले असतील तर लोड चांगला. त्या पानावर मधोमध चौकटीत एकच वाक्य होतं:

'नो लोड कन्टेनिंग इम्प्लांट्स शॅल बी रिलीज्ड अनटिल द टेस्ट हॅज बीन रेड, सेव्ह इन ॲन इमर्जन्सी.'

मावशींनी ते वहीत उतरवलं. पहिला भाग त्यांना सहज सुटला, आणि त्याचा त्यांना अभिमानही वाटला. टेस्टचा निकाल वाचल्याशिवाय इम्प्लांटचा कुठलाही लोड सोडायचा नाही. मग स्वल्पविराम, मग 'सेव्ह'. हा शब्द तर मोबाइलवरचाच. नंबर सेव्ह करतात, फोटो सेव्ह करतात. सेव्ह म्हणजे जपून ठेवणे. 'इमर्जन्सीत जपून ठेवा.' म्हणजे वरून कितीही घाई असो, लोड हातचा सोडू नका. किती बरोबर लिहिलंय, मावशींना वाटलं. घाईतच तर चुका होतात. त्यांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिलं, खाली अर्थ लिहिला आणि इन्चार्ज बाईंना दाखवलं. बाईंनी वाचलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "लावा भिंतीवर."

चार दिवसांनी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, हाडांच्या पट्ट्यांचा मोठा सेट मशीनमधून बाहेर आला. मावशींनी कुपी पेटीत ठेवली, वेळ लिहिली, 'तीन दहाला निकाल', आणि सेट थंड व्हायला जाळीच्या रॅकवर ठेवला. इन्चार्ज बाई त्या दिवशी रजेवर होत्या.

साडेबाराला थिएटरची सिस्टर धावत आली. "मावशी, मोठा प्लेट सेट द्या. शिडीवरून पडलेला पेशंट आहे, पायाचं हाड बाहेर आलंय. डॉक्टर हात धुवायला निघालेत."

"दुसरा सेट?"

"तो सकाळीच वापरला. तुमच्याकडेच धुवायला पडलाय."

तो खरंच पडलेला होता, साबणाच्या पाण्यात.

"हा आताच निघालाय," मावशी रॅककडे बघत म्हणाल्या. "याची टेस्ट तीन दहाला."

"तीन दहाला? मावशी, इमर्जन्सी आहे!"

"म्हणूनच." मावशींनी भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवलं. त्यांचा आवाज शांत होता, त्यांना खात्री होती. "बघ ना. सेव्ह इन ॲन इमर्जन्सी. इमर्जन्सीत जपून ठेवा, असं पुस्तकच सांगतंय. घाईत दिला आणि उद्या त्याचा पाय सडला, तर कोण जबाबदार?"

सिस्टरने कागद वाचला. ती नवी होती, जेमतेम सहा महिने झाले होते. इंग्रजी वाक्य तिने अर्धवट वाचलं, खालचा मावशींचा अर्थ पूर्ण वाचला. तेवीस वर्षांच्या मावशी आणि छापील पुस्तक अशा दोघांशी वाद घालायची तिची हिंमत झाली नाही. ती वर गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, "सेट अजून तयार नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी मिळेल." डॉक्टरांना वाटलं, सेट अजून मशीनमध्येच आहे. त्यांनी जखम धुऊन झाकायला सांगितली, दुखणं कमी करणारं इंजेक्शन दिलं आणि थांबले.

मावशी दुपारी पाण्याची बाटली भरायला वर गेल्या, तेव्हा थिएटरबाहेरच्या बाकावर एक बाई बसलेली दिसली. मांडीवर तिने नवऱ्याचा शर्ट घडी करून ठेवला होता. शर्टावर पांढऱ्या आणि हिरव्या रंगाचे डाग होते. माणूस रंगारी असावा.

"पाणी हवंय का?" मावशींनी विचारलं.

बाईने बाटली घेतली, पण पाणी प्यायली नाही. "आत नेलंय त्यांना, पण अजून काही सुरू केलेलं नाही म्हणतात," ती म्हणाली. "काहीतरी यायचंय म्हणे खालून."

मावशी खाली आल्या आणि पेटीकडे बघत बसल्या. तीन दहाला निकाल आला. कुपी जशी हवी तशी, जंतू मेलेले. सेट स्वतःच्या हाताने लिफ्टपर्यंत पोचवून त्या परत आल्या. थोडं हलकं वाटलं. एक अवघड काम नियमाने पार पाडलं, असं स्वतःला सांगत त्या घरी गेल्या.

दोन दिवसांनी सून परत आली. संध्याकाळी हातपाय धुऊन ती नेहमीच्या जागी बसली आणि म्हणाली, "काढा, काय साठवलंय?"

"साठवलेलं काही नाही. मी एकटीनेच सोडवलं," मावशी म्हणाल्या आणि मोठ्या उत्साहाने त्यांनी बहात्तरावं पान उघडलं. वाक्य वाचलं. अर्थ सांगितला.

 पुस्तक स्वतःकडे ओढून सुनेने ओळीवरून बोट फिरवलं.

"आई, हा 'सेव्ह' तो नाही."

"म्हणजे?"

"हा जुना शब्द आहे. आमच्या पॉलिसीत ढिगाने असतो. इथे सेव्ह म्हणजे... वगळता. सोडून. पॉलिसीत लिहितात, सगळं भरून देऊ, सेव्ह अमुक आणि सेव्ह तमुक. मी नवीन होते तेव्हा मलाही वाटायचं, कंपनी काहीतरी वाचवतेय. आमचे साहेब म्हणाले, पोरी, पॉलिसीत कोणी कोणाला वाचवत नसतं."

ती हसली, आणि मावशी हसल्या नाहीत हे बघून थांबली.

"मग याचा अर्थ काय?" मावशींनी विचारलं. त्यांना तो कळला होता, तरी विचारलं.

"टेस्टचा निकाल आल्याशिवाय लोड सोडायचा नाही, तातडीची वेळ सोडून. म्हणजे तातडी असेल तर द्यायचा." सुनेने त्यांच्याकडे बघितलं. "काय झालं, आई?"

मावशींनी सगळं सांगितलं. सिस्टर, कागद, बाकावरची बाई, तीन दहा. सांगताना त्यांनी वहीचं पान बंद केलं नाही. यजमानांनी पेपर खाली ठेवला होता.

"पण नियमाने वाट बघणं तर बरोबरच ना?" सून हळूच म्हणाली. "तुम्ही घाण सामान तर दिलं नाहीत."

"त्याचं हाड बाहेर होतं गं," मावशी म्हणाल्या. "पुस्तक 'द्या' म्हणत होतं. मी नको म्हटलं. आणि वर पुस्तकाचंच नाव घेतलं."

त्या संध्याकाळी पुढचं वाक्य कुणी काढलं नाही.

सकाळी मावशी कामावर नेहमीपेक्षा लवकर गेल्या. भिंतीवरचा कागद काढला, घडी केली आणि इन्चार्ज बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं.

बाईंचा चेहरा आधी कडक झाला. "तुम्ही मला फोन का नाही केलात?"

"मला खात्री होती, म्हणून. शंका असती तर केला असता."

 बाईंनी घडी केलेला कागद उलगडला, पुन्हा वाचला. "मीही मान डोलावली होती," त्या म्हणाल्या. "मलाही सेव्ह म्हणजे सेव्हच वाटलं. खरं सांगू का मावशी, मी वाक्य वाचलंच नव्हतं. खालचा तुमचा अर्थ वाचला." मग त्या उठल्या. "चला, डॉक्टरांकडे. दोघी जाऊ."

हाडांचे डॉक्टर उंच आणि कमी बोलणारे होते. वॉर्डातल्या टेबलाशी उभे राहून त्यांनी ऐकून घेतलं. कागद हातात घेतला आणि वाक्य वाचताना त्यांच्या भुवया वर गेल्या.

"मला कुणी सांगितलंच नाही की सेट खाली तयार आहे," ते म्हणाले. "मीही विचारलं नाही. खाली एक फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता."

"त्याचा पाय कसा आहे?" मावशींनी विचारलं.

"ताप आहे. जखमेतून थोडा पू आला. उद्या आणखी एकदा आत नेऊन धुवावी लागेल."

"उशीर झाला म्हणून?"

डॉक्टरांनी कागद परत दिला. "अशी मातीने भरलेली जखम वेळेत ऑपरेशन करूनसुद्धा पिकते. उशिरामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. उशिराचा काहीच संबंध नाही असंही म्हणणार नाही."

मावशींनी मान हलवली. हे वाक्य आपल्या भाषेत होतं आणि त्यातला एकही शब्द त्यांना डिक्शनरीत बघावा लागला नाही, तरी ते पचायला वेळ लागला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या वॉर्डात गेल्या. जावं की नाही, हे ठरवण्यात निम्मी सुट्टी गेली होती. रंगारी खिडकीजवळच्या खाटेवर होता, पाय उशांवर चढवलेला. पन्नाशीचा, किडकिडीत, डोळे तापाने लाल. बायको शेजारी बसून त्याच्या नखांतला वाळलेला रंग टाचणीने काढत होती. तिने मावशींना ओळखलं.

"पाणी दिलं होतं ना तुम्ही?"

"हो," मावशी म्हणाल्या. "मी खाली असते. जे खालून यायचं होतं, ते माझ्याकडून यायचं होतं."

आणि त्यांनी सांगितलं. सोप्या शब्दांत, चूक कुणावर न ढकलता. एक इंग्रजी शब्द उलटा वाचला, म्हणून सामान तयार असून अडवून ठेवलं. पावणेतीन तास.

रंगारी छताकडे बघत ऐकत होता. बायकोचा हात थांबला होता.

"पावणेतीन तास?" शेवटी तो म्हणाला. "मला वाटलं, डॉक्टर जेवायला गेलेत. मी मनात त्यांना इतक्या शिव्या घातल्या!"

बायको त्याच्यावर डाफरली. "तुम्हाला काय, तुम्ही इंजेक्शन घेऊन पडला होतात. बाहेर मी बसले होते." मग ती मावशींकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण गोडही नव्हता. "पाणी द्यायला आलात तेव्हा माहीत होतं तुम्हाला? की तुमच्यामुळे थांबलंय?"

"थांबलंय हे माहीत होतं. चुकीचं थांबलंय हे माहीत नव्हतं."

बाईने टाचणी खाली ठेवली. "मग येऊन सांगितलंत कशाला? आम्हाला कळलंही नसतं."

 मावशी तशाच उभ्या राहिल्या. रंगाऱ्यानेच मान वळवून खाटेखालच्या स्टुलाकडे बोट केलं. "बसा हो. उभ्या राहून माझा ताप उतरणार आहे का?"

त्या बसल्या. उरलेल्या सुट्टीत बोलणं फारसं झालं नाही. रंगाऱ्याने एवढंच विचारलं, की ही पट्टी आता कायमची आत राहणार का. मावशींनी सांगितलं, हाड जुळलं की डॉक्टर ठरवतील, पण पट्टी मजबूत आहे, मी स्वतः बघितलीय. निघताना बाईने "या" म्हटलं नाही, "येऊ नका" असंही म्हटलं नाही. मावशी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, आणि मग रोजच जाऊ लागल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला. त्या दिवशी बाईने स्वतःच्या डब्यातला अर्धा भाग त्यांच्यापुढे सरकवला.

इकडे इन्चार्ज बाईंनी ठरवलं, की पुस्तकातली महत्त्वाची वाक्यं आपल्या भाषेत लिहून काढायची आणि भिंतीवर लावायच्या आधी डॉक्टरांची सही घ्यायची. सुनेने सुट्टीच्या दिवशी येऊन मदत करायचं कबूल केलं. चौघी टेबलाभोवती बसल्या. इन्चार्ज बाई, मावशी, सून आणि पॅकिंगवाली. पहिलं वाक्य अर्थात बहात्तराव्या पानाचं होतं.

सुनेने लिहिलं, 'निकाल येईपर्यंत, तातडीची वेळ सोडून, इम्प्लांटचा लोड सोडू नये.'

पॅकिंगवालीने मोठ्याने वाचून बघितलं. "सोडून सोडू नये? म्हणजे सोडायचा की नाही?"

"पहिलं सोडून वेगळं, दुसरं सोडू वेगळं," सून म्हणाली.

"तुला वेगळं गं. माझ्या हातात ट्रे असताना मला दोन्ही एकच."

"मग 'वगळता' लिहू."

"वगळता म्हणजे वगळलेला ट्रे, असं नाही ना कुणी म्हणणार?" इन्चार्ज बाईंनी विचारलं आणि स्वतःच हसल्या.

 मावशींनी सुनेच्या हातातून पेन घेतलं. "एका वाक्यात कोंबायचंच कशाला? आपल्याला काय घाई आहे?" त्यांनी सावकाश, एकेक अक्षर वळवून, दोन ओळी लिहिल्या.

'एरवी: तीन तास थांबा, निकाल बघा, मग द्या.'

'पेशंट तातडीचा असेल तर: डॉक्टरांशी फोनवर स्वतः बोला, लगेच द्या, वहीत लिहा. निकाल आला की वर कळवा.'

"पुस्तकात फोनचं नाहीये," सून म्हणाली.

"नसू दे," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांनी खाली सही केली आणि 'स्वतः' या शब्दाखाली आपल्या पेनाने एक रेघ ओढली.

तपासणीच्या दिवशी दोन माणसं आली, कोट घातलेली, हातात फाइल. त्यांनी मावशींना तीन प्रश्न विचारले. दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी दिली. तिसऱ्या प्रश्नाला तपासणाऱ्याने पुस्तकातली एक ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, याचा अर्थ काय? ओळ मोठी होती आणि मध्ये एक शब्द होता, 'बार', ओळखीचा पण तिथे न शोभणारा. मावशींनी वही उघडली.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "शब्द ओळखीचा वाटतोय, म्हणूनच भीती वाटते. तुम्ही सांगता का? मी लिहून घेते."

तपासणाऱ्याने पुस्तक पुन्हा बघितलं, शेजारच्या माणसाला दाखवलं. दोघे दबक्या आवाजात काहीतरी बोलले. मग तो म्हणाला, "उद्या कळवलं तर चालेल?"

"चालेल की," मावशी म्हणाल्या आणि ओळ वहीत उतरवून घेतली, वरची जागा कोरी ठेवून.

रंगारी दीड महिन्याने कुबड्या घेऊन डॉक्टरांना पाय दाखवायला आला. पाय जुळत होता, चाल थोडी तिरकी होती. डॉक्टर म्हणाले, ती सुधारेल, सगळी नाही, पण बरीच. बायकोने त्याला लिफ्टने तळमजल्यावर आणलं. काचेपलीकडे मावशी भिंगाखाली चिमटे तपासत होत्या. त्याने काचेवर टकटक केली. मावशींनी हातमोजे काढले, बाहेर आल्या आणि पहिल्यांदा त्याच्या पायाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"ही तुमची खोली होय," तो दारातूनच आत डोकावत म्हणाला. "भिंतींचा रंग किती उडालाय हो. पाय धडधाकट झाला की मी येतो रंगवायला."

"आधी शिडी न चढायचं वचन द्या," त्याची बायको म्हणाली.

"शिडीशिवाय रंग कसा लावणार?"

दोघांचं तिथेच जुंपलं. मावशींनी आतून एक खुर्ची आणून त्याच्या मागे ठेवली.